काळ्या मातीत शोषखड्डा: लेआउटवाला म्हणतो 'जिरतं पाणी', खरंच जिरतं का?

प्लॉट_तेवीस | १९ मे, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. वर्धा रोडवर, बुटीबोरीच्या अलीकडे, मुख्य रस्त्यापासून दोनेक किलोमीटर आत एका नव्या लेआउटमध्ये ३० बाय ५० चा प्लॉट घेतलाय. एकूण ४६ प्लॉट. मुरमाचे रस्ते झाले, खांब उभे झाले, खालच्या कोपऱ्यात 'बगिचा' म्हणून तीन बाभळी राखून ठेवल्यात. गटारलाइन नाही. 'येईल पुढं' म्हणतात. तोवर ज्याने त्याने आपापल्या प्लॉटवर सेप्टिक टँक आणि तिच्यातलं पाणी जमिनीत जिरवायला शोषखड्डा करायचा.

जमीन काळी आहे. सध्या भेगा अशा की परवा किल्ल्यांचा जुडगा हातातून सुटला आणि भेगेच्या तोंडावर अडकला म्हणून वाचला. पण याच मातीत आमच्या काटोलकडच्या शेतात पावसाळ्यात पाय टाकला तर चप्पल मागे राहते, पाणी आठ-आठ दिवस सरत नाही. लेआउटवाला म्हणतो, 'साहेब, सगळे असंच करतात, जिरते पाणी बरोबर.' खरंच जिरतं का? तपासायचं कसं? नकाशा मंजुरीला द्यायचा आहे, टाकी कुठे दाखवायची तेही ठरायचंय.

तर्रीवाला | १९ मे, रात्री १०:५२

भेगा पडल्या म्हणता आन् पाणी जिरते का विचारता. एवढ्या भेगेत पाणी काय, म्हैस जिरन.

गवंड्याचा_पोर | १९ मे, रात्री ११:१५

तेवीसभाऊ, काळीत शोषखड्डा करू नका, सरळ सांगतो. माह्या बाबानं तीस वर्षं हेच काम केलं. त्यायचा एकच हिशोब होता: काळी फोडा, पिवळी फोडा, मुरूम लागला की मंग खड्डा सुरू. म्हणजे खड्ड्याची खोली मुरमापासून मोजायची, जमिनीपासून नाही. खाली दीड-दोन फूट बोल्डर, मंग बिनजोडाच्या विटा नाही तर भोकाच्या रिंगा, भवताल गिट्टी. लोकं काय करतात, सहा फूट काळीत खोदतात, चार रिंगा टाकतात, वरून झाकण. तो शोषखड्डा नाही, ती पाण्याची टाकी झाली.

तुमच्याकडं मुरूम किती फुटावर हाय? शेजारी कोणाची विहीर असन तर तिच्या काठावरून दिसते.

पेठेतला_पाहुणा | २० मे, सकाळी ८:०५

पुण्याला कसं, सांडपाणी कुठे जातं हे कोणी विचारत नाही, आणि विचारलं तर 'दुपारी १ ते ४ उत्तर मिळणार नाही'.

मोरंड | २० मे, सकाळी ९:३०

धागा माझ्या जिव्हाळ्याचा निघाला. आयुष्य मातीचे खड्डे मोजण्यात गेलं, आता निवृत्त आहे, तेव्हा जरा लांबण लागेल.

तर्रीवाला गमतीत म्हणाले ती म्हैस खरोखर मे महिन्यात जिरते, आणि फसवणूक नेमकी तिथेच आहे. आपली काळी माती बेसाल्ट झिजून झालेली. तिच्यातली चिकणमाती स्मेक्टाइट जातीची, पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. आकसली की भेगा. भेगेत बादली ओतलीत तर पाणी मातीत मुरत नाही, भेगेतून खाली पळतं. पहिला चांगला पाऊस झाला की माती फुगून भेगा बंद, आणि मग तीच जमीन परातीसारखी पाणी धरून बसते. म्हणून मे महिन्यात कोणी खड्ड्यात दोन बादल्या ओतून 'बघा साहेब, गेलं' म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

खरी चाचणी सोपी आहे आणि आपल्या भारतीय मानकात दिलेली आहे: आयएस २४७०, भाग २, सन १९८५ ची आवृत्ती. जिथे पाणी जिरवायचं त्या खोलीपर्यंत खणायचं आणि तळाशी १० ते ३० सेंटिमीटर रुंदीचा छोटा खड्डा काढायचा. सब्बलने बाजू गुळगुळीत झाल्या असतील तर खरवडायच्या, सुटी माती काढायची, तळाला ५ सेंटिमीटर जाड रेती किंवा बारीक गिट्टी. मग गिट्टीच्या वर किमान ३० सेंटिमीटर पाणी भरायचं आणि रात्रभर माती भिजू द्यायची. ही रात्र टाळायची नाही. माती फुगून घेते ती याच रात्री.

सकाळी पाणी उरलं असेल तर गिट्टीच्या वर १५ सेंटिमीटर ठेवायचं आणि अर्ध्या तासात किती उतरतं ते मोजायचं. सगळं गेलं असेल तर पुन्हा १५ सेंटिमीटर भरून दर अर्ध्या तासाने मोजत, भरत चार तास काढायचे. शेवटच्या अर्ध्या तासाचा आकडा खरा धरायचा. त्यावरून २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागली ते काढा. ३० मिनिटांच्या आत असेल तर शोषखड्डा चालतो. ३० ते ६० मध्ये उथळ, लांब चर काढावे लागतात. ६० च्या वर गेलं तर जमिनीच्या नादी लागू नका.

आणि पाणी ओतण्याआधी खड्ड्याची भिंत नीट बघा. माती कुठे बदलते, चुनखडीचे खडे कुठे सुरू होतात आणि राखाडी-तांबूस ठिपके दिसतात का. गंजल्यासारखे ठिपके म्हणजे तिथपर्यंत पावसाळ्यात पाणी उभं राहतं. उन्हाळ्यात पाणी नसतं, पण मातीवर त्याची सही राहते.

संत्राबर्फी | २० मे, सकाळी १०:१२

मोरंड काका, तुमचं नाव मोरंड का? कुतूहल म्हणून विचारतेय.

मोरंड | २० मे, सकाळी १०:४०

जुन्या जमाबंदीत आपल्याकडच्या जमिनीची जी नावं होती त्यातलं आहे हे. सगळ्यात भारी ती काळी, तिच्याखालोखाल मोरंड, मग खरडी, आणि टेकाडावरची खडकाळ ती बरडी. शेतकऱ्याच्या दृष्टीने काळी पहिली आणि बरडी शेवटची. संडासच्या दृष्टीने अगदी उलटं! मोरंड दोन्हीकडे मधली, म्हणून घेतलं नाव.

तर्रीवाला | २० मे, सकाळी १०:४४

म्हणजे ज्या जमिनीनं बापाला जगवलं ते पोराच्या संडासले नापास. हे लग्नाच्या स्थळासारखं झालं.

वैदर्भीताई | २० मे, दुपारी २:२०

आमचं सांगते. शहराच्या दक्षिणेला अशाच एका लेआउटमध्ये अकरा वर्षं झाली. पहिली दोन वर्षं छान गेली, कारण आजूबाजूला घरंच नव्हती. तिसऱ्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी, घरात पुरणाची तयारी, आणि न्हाणीच्या जाळीतून बुडबुड असा आवाज यायला लागला. मला वाटलं मोटार सुरू राहिली. जाऊन बघते तर पाणी खालून वर येतंय! फ्लश केला की संडासच्या भांड्यात पाणी काठापर्यंत चढायचं आणि मग सावकाश, रुसल्यासारखं उतरायचं. पाहुणे आलेले. दोन दिवस शेजारच्या काकूंकडे जात होतो, तर तिसऱ्या दिवशी त्यांचंही तेच.

गाडी बोलावली. उपसलं. चार दिवसांत टाकी पुन्हा भरली, कारण आम्ही आमचं पाणी उपसत नव्हतो, जमिनीतलं पाणी शोषखड्ड्यातून उलटं टाकीत येत होतं. आता दर पावसाळ्यात दोन खेपा ठरलेल्या. गल्लीतल्या अर्ध्या लोकांनी रात्री गुपचूप पाइप काढून पावसाच्या नालीत सोडलाय. सगळ्यांना माहीत आहे. मीटिंगमध्ये डासांवर चर्चा होते, पाइपवर नाही.

आम्हाला तेव्हा मोरंड काकांसारखं कोणी सांगितलं असतं तर निदान जोतं दोन फूट उचललं असतं.

एमएच_चाळीस | २० मे, दुपारी ३:०५

ताई, ती गाडी उपसून नेते ते कुठं टाकते? मी एकदा मागे मागे गेलो होतो स्कूटरनं. नाल्यापाशी थांबली. मी परत आलो. पुढचं विचारू नका.

गवंड्याचा_पोर | २० मे, दुपारी ३:४०

गाडीचं निघालंच तर एक हात जोडून सांगतो. टाकी साफ कराले माणूस आत उतरवू नका. कोणी म्हणन की पाचशे द्या, उतरतो, तरी नाही. वरून टाकी रिकामी दिसते, आत वायू राहते, माणूस शिडीवरच आडवा होते आन् त्याले काढाले गेलेला दुसराही जाते. आमच्या ओळखीतले दोघं असेच गेले. २०१३ च्या कायद्यानं बंदी हाय, पण कायद्याच्या आधी अक्कल पाहिजे.

गणितमास्तर | २१ मे, सकाळी ७:१५

सगळे मातीवर बोलताहेत. मी नुसता प्लॉट मोजतो.

३० बाय ५० फुटांचा प्लॉट. एका कोपऱ्यापासून तिरप्या कोपऱ्यापर्यंत अंतर होतं सुमारे ५८ फूट. शोषखड्डा आणि पिण्याच्या पाण्याची विहीर किंवा बोअर यांच्यात मानकाप्रमाणे अंतर हवं १८ मीटर, म्हणजे ५९ फूट. अर्थात तेवीसभाऊंनी एका कोपऱ्याच्या टोकाला बोअर आणि समोरच्या टोकाला खड्डा केला, तरी एक फूट कमीच पडतो.

आता शेजारी धरा. २२ नंबरवाल्याचा खड्डा तुमच्या कुंपणाला लागून असेल. मागच्या ओळीतल्याचा खड्डा तुमच्या बोअरपासून दहा-बारा फुटांवर असेल. लेआउटमध्ये नळ आहे का? नसेल तर ४६ बोअर आणि ४६ खड्डे, सगळे एकमेकांच्या मांडीवर.

रोखठोक | २१ मे, सकाळी ९:५०

काहून लोकांना घाबरवून राहिले? अर्धं नागपूर असंच वसलं. १८ मीटर कोण पाळते? माझा बोअर २०० फूट खोल आहे, शोषखड्डा दहा फूट. वरचं पाणी एवढं खाली जाईपर्यंत गाळून गाळून मिनरल वॉटर होते. लेआउटवाल्याला शिव्या घालणं सोपं आहे, पण त्यानं दर कमी ठेवला म्हणूनच तुम्ही घेतला ना?

मोरंड | २१ मे, सकाळी ११:००

रोखठोक, दराचा मुद्दा बरोबर आहे, वाद नाही. गाळण्याचा मात्र नाही.

पाणी गाळते ती माती. तीही तिच्यात हवा असेल तर, आणि पाणी सावकाश जात असेल तर. मुरमाखाली आपल्याकडे काळा पाषाण आहे आणि तो अखंड नाही. त्याला उभ्या-आडव्या चिरा आहेत, दोन थरांच्या सांध्यात पोकळ्या आहेत. बोअरला पाणी लागतं ते याच चिरांना. चिरेतलं पाणी गाळत नाही, वाहतं. शिवाय बोअरमध्ये घालतात तो केसिंग पाइप वरच्या मऊ थरापुरताच असतो आणि बहुतेक वेळा बाहेरून सिमेंटने नीट बंद केलेला नसतो. म्हणजे पाणी २०० फुटांवरून वर येतंय असं वाटतं, पण त्यातलं काही पाइपाच्या कडेने वरूनच उतरलेलं असतं.

आणि जंतू समजा अडले, तरी सांडपाण्यातून तयार होणारं नायट्रेट अडत नाही. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतं. तान्ह्या बाळांना त्याचा त्रास जास्त. बोअरचं पाणी एकदा प्रयोगशाळेतून तपासून घ्या, मग मिनरल वॉटर म्हणा.

रोखठोक | २१ मे, सकाळी ११:२०

घरी सहा महिन्यांची नात आहे. तपासतो.

कूलरप्रेमी | २१ मे, दुपारी १:३०

अवांतर: नागपुरात उन्हाळाभर कूलरचं पाणी दिवसरात्र न्हाणीच्या जाळीत जाते. ते पण शोषखड्ड्यात धरायचं का?

गणितमास्तर | २१ मे, दुपारी १:४५

ते कुंड्यांना घाला. न्हाणी, धुणी, कूलर यांचं पाणी वेगळं काढलं तर खड्ड्याचा भार पुष्कळ हलका होतो. पण नकाशा काढतानाच दोन पाइप वेगळे दाखवावे लागतात. फरशी बसल्यावर सुचून उपयोग नाही.

नवा_सभासद_७७ | २२ मे, सायंकाळी ६:१०

वाचतोय. नांदेड पॅटर्नचे शोषखड्डे चालणार नाहीत का? त्यांनी म्हणे अख्खी गावं डासमुक्त केली.

मोरंड | २२ मे, सायंकाळी ७:००

ते न्हाणी-मोरीच्या पाण्यासाठी आहेत, संडासच्या नाही. आणि तिथेही जमीन बघूनच. गोष्ट चांगली आहे, जागा वेगळी आहे.

प्लॉट_तेवीस | २८ मे, रात्री ९:३०

मंडळी, केली चाचणी. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या ऐन उन्हात! मला आणि मेहुण्याला वेड लागलंय असं घरी एकमताने ठरलं आहे.

जेसीबी दोन तासांसाठी सांगितला. पहिला खड्डा अडीच फूट, काळीतच. दुसरा मुरूम लागेपर्यंत. चार फुटांपर्यंत काळी, ढेकूळ हातात घेतलं तर तासलेल्या साबणासारखं चकचकीत. पुढे पिवळसर, त्यात चुनखडीचे वाटाण्याएवढे खडे. साडेसहा फुटांच्या खाली मुरूम सुरू, सात फुटांवर थांबलो. दोन्ही खड्ड्यांच्या तळाशी हाताने फूटभर रुंदीचा छोटा खड्डा काढला, पोहे चाळायच्या चाळणीने (घरी सांगू नका) बारीक गिट्टी चाळून घातली. टँकरचं पाणी.

काळीच्या खड्ड्यात आधी गंमत झाली. पाणी ओतलं आणि दहा मिनिटांत गायब. लेआउटवाल्याचा माणूस शेजारी उभा होता, म्हणाला, 'पाहा, म्हणलं होतं ना?' मी काही बोललो नाही, पुन्हा भरलं. पुन्हा गेलं. पाचव्या वेळी थांबायला लागलं. रात्री काठोकाठ भरून घरी आलो. सकाळी सहाला जाऊन बघतो तर अर्ध्याच्या वर पाणी तसंच, त्यात एक बेडूक. हा मेमध्ये कुठून आला देव जाणे. पाणी गिट्टीच्या वर १५ सेंटिमीटरवर आणलं, आडव्या फळीवरून स्टीलची पट्टी खाली सोडली, मोबाइलवर अर्धा तास लावला. उतरलं ५ मिलिमीटर.

मुरमात सकाळी खड्डा कोरडा होता. चार तास भरत-मोजत बसलो, डोक्यावर ओला दुपट्टा. शेवटच्या अर्ध्या तासात उतरलं ३६ मिलिमीटर.

म्हणजे पास ना?

गणितमास्तर | २८ मे, रात्री ९:५०

काळी: ५ मिलिमीटरला ३० मिनिटं, तर २५ ला १५०. मर्यादा ६०. नापास, तेही अडीचपट.

मुरूम: २५ ला साधारण २१ मिनिटं. पास. आता किती जागा लागेल? सूत्र आहे: दर चौरस मीटरला रोज जिरणारे लिटर = २०४ भागिले त्या मिनिटांचं वर्गमूळ. येतात ४४ च्या आसपास. पाच माणसं, माणशी १३५ लिटर पाणी, त्यातलं ८० टक्के सांडपाणी, म्हणजे ५४० लिटर. भागलं तर १२ चौरस मीटर भिंत लागते. दीड मीटर व्यासाचा खड्डा धरला तर मुरमात अडीच मीटरहून जास्त खोल जावं लागेल. वरचे साडेसहा फूट धरून एकूण पंधरा फूट.

गवंड्याचा_पोर | २८ मे, रात्री १०:०५

एक नको, दोन करा लहान लहान, आलटून पालटून. बाकी बाबा हेच सांगत होते, फक्त वर्गमूळ नव्हतं त्यायच्याकडं.

मोरंड | २८ मे, रात्री १०:४५

तेवीसराव, शाबास. बेडकाची नोंद तर फार आवडली. पण अभिनंदन थोडं राखून ठेवतो. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पिवळ्या थरात ठिपके दिसले का? आणि जवळ जुनी विहीर आहे का?

प्लॉट_तेवीस | २९ मे, सकाळी ७:२०

फोटो मोठा करून बघितला. साडेचार-पाच फुटांपासून खाली राखाडी पट्ट्यात तांबडे ठिपके आहेत. मला वाटलं जेसीबीच्या बकेटचा गंज लागला.

विहीर आहे, लेआउटच्या वरच्या अंगाला, मूळ शेतमालकाची. आता पाणी खूप खाली आहे. पण दगडी बांधकामावर काठापासून चार-साडेचार फुटांवर पांढरट रेघ आहे, तिच्याखाली वाळलेलं शेवाळ.

मोरंड | २९ मे, सकाळी ८:१०

मग तुमचं उत्तर त्या रेघेवर आहे. पावसाळ्यात पाणी तिथपर्यंत येतं. तुमचा मुरूम सुरू होतो साडेसहा फुटांवर. म्हणजे जो थर पाणी जिरवू शकतो तो नेमका जुलै ते ऑक्टोबर पाण्याखाली असतो. मुरमातून पाणी खाली जातं हे खरंच, पण तेव्हा खाली जागाच नसते. वैदर्भीताईंच्या टाकीत उलटं पाणी येत होतं ते यामुळेच. जमिनीतलं पाणी १८० सेंटिमीटरच्या, म्हणजे सहा फुटांच्या आत असेल तर खोल शोषखड्डा करू नये, जिरवण्याची व्यवस्था जमिनीच्या वर उचलून करावी, असं मानक म्हणतं.

माझ्या एका शब्दावर जाऊ नका. पावसाळ्यात स्वतः टेप टाकून मोजा. अमरावती रोडवर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरो आहे, त्यांच्या नकाशावरून परिसराची माती कळते, पण तुमच्या खड्ड्यातली विहिरीच्या रेघेइतकी नाही कळायची.

तर्रीवाला | २९ मे, सकाळी ८:३०

थोडक्यात: उन्हाळ्यात पास, पावसाळ्यात नापास. माह्या पोरासारखंच.

वैदर्भीताई | २९ मे, सकाळी ९:१५

रेघेचं वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडेही जुनी विहीर होती, तिच्यावरही असंच काहीतरी होतं. प्लॉट विकायला काढले तेव्हा सगळ्यात आधी तीच बुजवली.

प्लॉट_तेवीस | १४ ऑक्टोबर, रात्री ८:५०

धागा वर काढतोय. नकाशा मुद्दाम थांबवला होता. पावसाळाभर दर रविवारी विहिरीत टेप टाकला. ऑगस्टच्या शेवटी पाणी काठापासून सव्वाचार फुटांवर होतं. परवाच्या रविवारी सहा फुटांवर. मेमधला मुरमाचा खड्डा बुजवला नव्हता, फक्त कडेने काट्या लावल्या होत्या. तो जुलैच्या मध्यापासून भरलेला आहे. बेडकांची आता वस्ती झाली आहे.

हे सगळं कागदावर मांडून प्लॉटधारकांना बोलावलं. ४६ पैकी १९ आले. दोघं म्हणाले, 'आम्ही विकणार आहोत, लिहून काही देऊ नका.' बाकीच्यांना गणितमास्तरांचा ५८ फुटांचा तिरपा कोपरा दाखवला, प्रत्येकाचा बोअर आणि शेजाऱ्याचा खड्डा कागदावर पेन्सिलने काढला. त्यानंतर चहा थंड झाला तरी कोणी उठेना.

सध्या ठरलंय ते असं. प्रत्येकाने आपल्या घरी टाकीच करायची, चांगली, दोन कप्प्यांची, पाणबंद. शोषखड्डा कोणीच नाही. टाकीतलं वरचं पाणी लहान पाइपने खालच्या कोपऱ्यात, त्या 'बगिच्या'त. उतार तिकडेच आहे, बाभळी तिथे उगाच नाहीत. तिथे वनस्पतींकरवी पाण्याचं शुद्धीकरण करायचं, आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेल्या फायटोरिड पद्धतीच्या धर्तीवर, जमिनीच्या वर उचलून आणि खाली अस्तर घालून. निघालेलं पाणी झाडांना. एका अभियंत्याला मोजणीसाठी बोलावलंय. बगिच्याच्या जागेवर असं करायला परवानगी लागेल, तो अर्ज दिलाय. लेआउटवाल्याने निम्म्या खर्चाचं तोंडी कबूल केलंय, मी लेखी मागतोय. तो फोन उचलेनासा झालाय.

एमएच_चाळीस | १४ ऑक्टोबर, रात्री ९:१०

बगिच्यात सगळ्यांचं पाणी म्हणजे वास नाही का येणार? आन् देखभाल कोण करन? सोसायटीचा पंप बिघडला तर आमच्याकडं तीन महिने वर्गणी निघत नाही.

मोरंड | १४ ऑक्टोबर, रात्री ९:४०

पाणी गिट्टीच्या आतून वाहतं, वर दिसत नाही, त्यामुळे वास नीट चालवलं तर येत नाही. वर्गणीची शंका रास्त आहे. टाक्या दोन-तीन वर्षांनी उपसल्या नाहीत तर गाळ पाइपमध्ये येईल आणि गिट्टी तुंबेल. उपसायचं वेळापत्रक आधीच करा, सगळ्या टाक्यांना एकदमच गाडी. आणि ती गाडी कुठे रिकामी होते तेही करारात लिहून घ्या, एमएच_चाळीसना पुन्हा स्कूटर काढायला लागू नये.

रोखठोक | १४ ऑक्टोबर, रात्री १०:०५

मेमध्ये तपासतो म्हणालो होतो. तपासलं. नायट्रेट ७२. नातीचं पाणी आता वेगळं आणतो, आरओपण बसवला. शोषखड्डा बोअरपासून २२ फुटांवर आहे, शेजाऱ्याचा १५ वर. शेजारी म्हणतो त्याचा नाही, माझाच असन.

नवा_सभासद_७७ | १५ ऑक्टोबर, सकाळी ८:००

सगळा धागा वाचला. पण मूळ प्रश्नाचं उत्तर काय? काळ्या मातीत शोषखड्डा चालतो की नाही? मी काटोल रोडला प्लॉट बघतोय, उद्या टोकन द्यायचं आहे.

गवंड्याचा_पोर | १५ ऑक्टोबर, सकाळी ८:२५

टोकन परवा द्या. उद्या विहीर शोधा.

प्लॉट_तेवीस | १५ ऑक्टोबर, सकाळी ९:०५

७७, येत्या रविवारी सकाळी सात वाजता मी आणि मेहुणा मोकळे आहोत. सब्बल, पट्टी, फळी आमच्याकडे आहे. चाळणी तुम्ही आणा, आमची सापडली.